पुस्तकासाठी ठळक, पारंपरिक सेरिफ फॉन्ट म्हणून क्लॅरेंडन कसा आहे?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी पुस्तकासाठी जुन्या वळणाचा ठळक सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या रेषा असलेला फॉन्ट) हवाय, क्लॅरेंडन आवडलाय, तर मुखपृष्ठ, मथळे आणि आतला मजकूर सगळंच त्यात लावलं तर चालेल का. मुखपृष्ठ आणि मथळे बेलाशक लावा. मजकूर नको, कारण मजकुरातून उठून दिसावं म्हणूनच तो जन्माला आला.

१८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यात, रॉबर्ट बेस्लीने तो बाजारात आणला. अक्षरं कोरली बेंजामिन फॉक्सने. तोवर ओळीतल्या एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचं तर मुद्रकाकडे तिरपी अक्षरं (इटॅलिक), छोटी कॅपिटल किंवा ब्लॅकलेटर (जुन्या हस्तलिखितांसारखी टोकदार, गडद अक्षरं), एवढेच पर्याय असत. जाड टाइप होते, पण ते जाहिरातींसाठी; साध्या मजकुराच्या ओळीत ते उपरे वाटायचे. क्लॅरेंडन त्या ओळीत नीट बसला आणि शब्दकोशातले मुख्य शब्द त्यात छापले जाऊ लागले. आज आपण शब्द निवडून सरळ बोल्ड करतो, त्या सवयीचं मूळ बऱ्याच अंशी इथलं. बेस्लीने त्याची नोंदणीही केली होती, पण संरक्षण मिळालं तीनच वर्षांचं. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी नकला काढल्या, म्हणून आजही ‘क्लॅरेंडन’ हे एका फॉन्टपेक्षा घराण्याचं नाव जास्त आहे.

आता अक्षरं मोठी करून बघा. आधीच्या स्लॅब सेरिफमध्ये, म्हणजे जाड, चौकोनी सेरिफच्या फॉन्टमध्ये, उभ्या दांड्याला आडवी पट्टी काटकोनात भिडते. इथे दांडा टोकाशी पसरत जातो आणि वळण घेऊन सेरिफमध्ये मिसळतो. जाड-बारीक रेषांमधला फरक बेताचा आहे. लहान ‘सी’ आणि ‘आर’च्या टोकाला टपोरा थेंब असतो. हर्मन आयडेनबेन्झ या स्विस डिझायनरने पुढे केलेल्या क्लॅरेंडनमध्ये कॅपिटल ‘आर’चा पाय तर खाली उतरून शेवटी चक्क वर वळतो. माझ्या मते सगळी गंमत त्या पायात आहे! एवढा जाड असूनही हा फॉन्ट अंगावर येत नाही, तो अशा गोलाव्यांमुळे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरच्या पाट्या अनेक वर्षं क्लॅरेंडनमध्ये होत्या. सोनीच्या नावाची अक्षरंही याच वळणाची.

पण अख्खा परिच्छेद त्यात लावलात तर पान काळवंडतं आणि काहीच उठून दिसत नाही. शिवाय लहान मापात, खरखरीत कागदावर ‘ए’ आणि ‘ई’च्या पोटातली जागा शाईने बुजते. मजकुराला एखादा साधा, हलका सेरिफ घ्या.

हल्ली दिसतो तो बहुधा आयडेनबेन्झने १९५३ मध्ये हास फाउंड्रीसाठी केलेला हाच क्लॅरेंडन. तो ऐसपैस आहे. पुस्तकाचं नाव लांबलचक असेल तर दोन ओळींत तोडा, अक्षरं दाबून अरुंद करू नका. दाबली की उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेषा तशाच राहतात आणि सगळा तोल जातो.

आणखी एक अडचण म्हणजे त्याला इटॅलिक नाही. मथळ्यात एखाद्या ग्रंथाचं नाव तिरपं हवं असेल तर सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच कलती करून देईल, आणि ते थेंब फार विचित्र दिसतात. तशी गरज वारंवार पडणार असेल तर २००९ साली आलेला सेंटिनेल बघा. वळण बरंचसं हेच, आणि इटॅलिक मुद्दाम रेखाटलेलं आहे.