घसा बाबांचा, घोर घराला

"या वयात टॉन्सिल्स कसे काय? आणि दर वेळी अँटिबायोटिक द्यायचंच का?" घरी म्हाताऱ्या आईवडिलांचं करणारी मुलं-सुना मला हे सारखं विचारतात, म्हणून आज एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

घरी येणाऱ्या नर्सताईंच्या सांगण्यावरून एक मुलगी सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन आली. त्यांचा घसा सारखा धरायचा, जेवण तुटलं होतं, चिडचिड वाढली होती. मी प्रश्न बाबांना विचारायची आणि उत्तर लेक द्यायची. "ऐकतच नाहीत हो मॅडम. गुळण्या करा म्हटलं की तोंड फिरवतात."

दुखणं एकाचं असलं तरी मी बघते ते सगळं घर. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, यातच पुष्कळ कळतं. मी लेकीला म्हटलं, "आता थोडा वेळ फक्त बाबा बोलतील."

बाबा बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. मी घाई केली नाही.

"गिळताना घास अडकेलसं वाटतं," ते म्हणाले. "बीपीची गोळी तर मोठी. ती मी रुमालात गुंडाळून टाकतो."

"बाबा! सांगितलं का नाही?"

"सांगितलं की तू ऑपरेशनचं काढतेस. दादाला घशाचाच कॅन्सर झाला होता ना."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात ज्याला हट्ट म्हणत होते, ती भीती होती. ज्येष्ठांच्या 'नको'मागे बहुतेक वेळा असं काहीतरी दडलेलं असतं, हे मी अनुभवाने सांगते. त्या दिवशी ते बाहेर आलं याचं मला आजही समाधान आहे.

पुढचं सोपं होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून कॅन्सरची शंका दूर केली. टॉन्सिलच्या खाचांत पांढरे खडे साचत होते. नर्सताईंनी कवळी रात्री काढून स्वच्छ करायची सवय लावली, तोंड कोरडं पडू नये म्हणून घोट घोट पाणी सुरू केलं. डॉक्टरांना विचारून गिळायला सोपी गोळी मिळाली. गोळ्या आपल्या मनाने कुटून देऊ नयेत, काहींचा परिणाम त्याने बदलतो.

टॉन्सिल्स वयाबरोबर आकसतात. म्हणून उतारवयात घसा वारंवार दुखू लागला तर 'थंडी बाधली' म्हणून सोडू नका. एकच बाजू सुजलेली, 3 आठवड्यांहून जास्त दुखणं, कानात कळ, मानेत गाठ, वजन घटणं, थुंकीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर तज्ज्ञांकडे जा. लाळही गिळवत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठा.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दिलंच असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. वृद्धांना संसर्गात ताप येईलच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं वागणं किंवा झापड हीसुद्धा खूण असते. गुळण्यांसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरतं. पक्षाघातानंतर ठसका लागत असेल, तर गुळण्यांआधी नर्सताईंना विचारा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वेदनाशामक परस्पर देऊ नका.

आणि नर्सताई आल्या की थोडा वेळ खोलीबाहेर थांबा. तुमच्यासमोर न निघालेलं बोलणं त्यांच्यापाशी निघेल.