रिपोर्ट नॉर्मल, तरी जांभळे ठिपके का?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या पायांवर जांभळट, हाताला उंचवटा लागणारे ठिपके आलेत. पोटही दुखतं. निदान आयजीए व्हॅस्क्युलायटिस (लहान रक्तवाहिन्यांची सूज). प्लेटलेट नॉर्मल; पीटी, एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्याही नॉर्मल. मग रक्त का झिरपतं? व्हिटॅमिन केचं इंजेक्शन द्यावं का?

उत्तर : नको. व्हिटॅमिन के लागतं ते मुख्यतः फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) २, ७, ९ आणि १० तयार व्हायला. त्यांची कमतरता असती तर पीटी वाढला असता.

इथे दोष रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. तिथे आयजीए (एक अँटिबॉडी) साचतं, पांढऱ्या पेशी जमतात, त्यांच्या एन्झाइम्सनी भिंत जखमी होते आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. ठिपक्यावर काच दाबली तरी तो फिका पडत नाही, तो यामुळेच. उलट सूज असताना फायब्रिनोजेन आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्त थांबवायला मदत करणारे घटक बहुधा वाढलेले असतात.

अपवाद फॅक्टर १३ चा. गुठळीतले फायब्रिनचे धागे तयार झाले की त्यांना एकमेकांत पक्की गाठ मारायचं काम त्याचं. या आजारात, विशेषतः आतड्याला जोरात सूज असेल तेव्हा, तो कमी झालेला आढळतो. पीटी-एपीटीटीला हे कळत नाही, कारण गुठळी धरली की त्या चाचण्या थांबतात. गाठ त्यानंतर बसते. युरियात गुठळी विरघळते का, ही जुनी चाचणीही इथे कुचकामी : फॅक्टर जवळपास शून्यावर असेल तरच ती दोष दाखवते. मोजायचाच तर ‘फॅक्टर १३ ॲक्टिव्हिटी’ मोजावी, आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) चढवण्याआधी नमुना घ्यावा. बाहेरून आलेला फॅक्टर बरेच दिवस टिकतो आणि आकडा फसवतो.

प्रत्येक मुलाला ही चाचणी लागत नाही. आतड्यातून बराच रक्तस्राव होत असेल आणि स्टेरॉइडने आटोक्यात येत नसेल, तर काही तज्ज्ञ फॅक्टर १३ कॉन्सन्ट्रेट देतात. तो नेहमीचा उपचार नव्हे. बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका. पॅरासिटामॉल चालेल, वजनाप्रमाणे. काळी किंवा रक्तमिश्रित शी, थांबून थांबून येणारी जोराची कळ, हिरव्या उलट्या दिसल्या तर थेट हॉस्पिटल गाठा : आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. ठिपके गेले तरी लघवीतलं रक्त व प्रोटीन आणि ब्लड प्रेशर निदान सहा महिने तपासत राहा. मूत्रपिंडाचा त्रास बहुधा उशिरा, आणि काही न दुखता सुरू होतो.