जुन्या धर्तीचं लेदर फ्लाइट जॅकेट (वैमानिकांचं चामडी जॅकेट) घेताना मूळ जॅकेटची हुबेहूब नक्कल कशी ओळखायची?

आधी कोणत्या मॉडेलची नक्कल हवी ते ठरवा. 'एव्हिएटर स्टाइल' एवढंच लिहिलं असेल तर ते फॅशनचं जॅकेट समजा.

ए-२ हे अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचं, १९३१ सालचं. त्याच्या पाठीला एकच अखंड तुकडा असतो, मध्ये शिवण नाही. कॉलरची टोकं खाली बटणाने बसतात, खांद्यावर पट्ट्या असतात. सगळ्यात सोपी खूण म्हणजे खिसे: ते फक्त वरून उघडतात. बाजूने हात घालायची सोय दिसली की ती नंतरची भर. (सोयीची आहे, हे मान्य. पण मग जुन्याबरहुकूम म्हणून जास्त पैसे का मोजायचे?) नौदलाच्या जी-१ ला फरची कॉलर आणि हात मोकळे हलावेत म्हणून पाठीला चुण्या असतात.

चामडं घोड्याचं किंवा बकरीचं उत्तम. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर जाऊ नका, त्यातून दर्जा कळत नाही. बाही दुमडून बघा. खऱ्या पृष्ठभागावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात. रंगाचा जाड थर दिलेलं चामडं प्लास्टिकसारखं वाकतं. मनगटाची आणि कमरेची विणलेली पट्टी लोकरीची हवी, अ‍ॅक्रिलिकची लवकर सैल पडते. चेन धातूची.

माप घेताना लांबीला घाबरू नका. हे जॅकेट कमरेपाशीच संपतं. खांदे आणि छाती नीट बसली की झालं. आत जाड स्वेटर घालायचा म्हणून दोन साइझ मोठं घेऊ नका. आणि कारखान्यातच घासून 'जुनं' केलेलं तर नकोच.