कोड मेला तरी मेसेज आला पाहिजे

प्रश्न: मी एम.एस्सी.ला आहे. कॉलेजच्या सर्व्हरवर पायथॉनमध्ये मॉडेलचं ट्रेनिंग रात्रभर लावून ठेवतो. संपलं की टेलिग्रामवर मेसेज यावा म्हणून कोडच्या शेवटच्या ओळीत बॉटला कॉल टाकलाय, पण परवा कोड मध्येच बंद पडला आणि मेसेज आलाच नाही, मी आपला सकाळपर्यंत चालूच आहे असं समजत बसलो. काय करू?

उत्तर: बॉट तुम्ही बरोबरच केलाय, बॉटफादरकडून (बॉट बनवून देणारा टेलिग्रामचाच बॉट) टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, घेतलं, बॉटला स्टार्ट केलं, चॅट आयडी मिळवला, तेवढं पुरतं. गडबड आहे ती मेसेज कुठून पाठवताय यात. कोडच मेला तर त्याची शेवटची ओळ चालणार कशी? ट्राय-एक्सेप्ट लावून पायथॉनच्या एरर पकडता येतात, पण रॅम संपली की लिनक्स थेट सिग्नल ९ देऊन प्रोसेस मारतं, तो कुठल्याच कोडला पकडता येत नाही.

म्हणून मेसेज बाहेरून पाठवा. छोटी शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) करा, पहिल्या ओळीत पायथॉन, दुसरीत एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, तिसरीत कर्ल या कमांडने टेलिग्रामच्या सेंडमेसेजला कॉल, आणि मेसेजमध्ये तो एक्झिट कोड नि लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी. मेसेजला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे अख्खा लॉग कोंबू नका. कमांडच्या मधे दोन अँपरसँड (&&) अजिबात नकोत, ते लावले की पायथॉन फेल झाल्यावर पुढचं चालतच नाही, म्हणजे नेमका हवा तेव्हाच मेसेज गायब! शून्य आला तर काम झालं, १३७ आला तर बहुतेक वेळा मेमरीच संपलेली असते, बॅच साइज (मॉडेलला एका वेळी दिलेला डेटा) कमी करून बघा. ही स्क्रिप्ट टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा, नाहीतर लॅपटॉप बंद केल्यावर तीही जाईल.

सर्व्हरच रीबूट झाला तर मात्र हीसुद्धा गप्प बसते, त्यासाठी ट्रेनिंगमधूनच दर तासाला ‘चालू आहे’ असा मेसेज टाका, तो चुकला की लगेच जाऊन बघायचं.

आणि टोकन कोडमध्ये लिहून गिटहबवर ढकलू नका प्लीज, ज्याच्या हाती टोकन त्याचा बॉट. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, परमिशन ६००, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. आधीच गेलं असेल तर बॉटफादरला रिव्होक सांगून, म्हणजे जुनं टोकन रद्द करून, नवं घ्या, नुसती ओळ डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या आवृत्तीत) ते राहतंच.