क्वेकर लोक मौनात प्रार्थना करतात, मग संसदेत लॉबिंग कशाला करतात?

तुम्ही विचारलंय की तासभर डोळे मिटून बसणारा हा ख्रिस्ती पंथ खासदारांच्या दारात कसा काय उभा राहतो. मी क्वेकर नाही, पण अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या रविवारच्या मीटिंगला, म्हणजे प्रार्थनासभेला, अधूनमधून जातो. इथल्या मीटिंगमध्ये पाद्री नाही, गाणी नाहीत. (केनियात क्वेकर सर्वांत जास्त आहेत, तिथे दोन्ही असतं.) कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून चार वाक्यं बोलतो आणि बसतो.

प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, ही त्यांची मूळ धारणा. ती खरी मानली तर माणूस मारता येत नाही आणि विकतही घेता येत नाही. म्हणूनच १६६० च्या सुमारास, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स गादीवर असताना, आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र उचलणार नाही असं त्यांनी त्याला लेखी कळवलं.

पण माझ्या मते त्यांचं खरं लॉबिंग घरातच सुरू झालं. १६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. तो वरच्या मीटिंगकडे (पंथाचे निर्णयही मीटिंगमध्येच होतात) गेला, तिथून आणखी वर, आणि बाजूला पडला. कारण उघड होतं: बरेच सुखवस्तू क्वेकर स्वतःच गुलाम बाळगून होते, पेनसिल्व्हेनिया वसवणारा खुद्द विल्यम पेनसुद्धा. पुढे जॉन वूलमन नावाचा शिंपी अशा क्वेकरांच्या घरी जाऊन, शांतपणे बसून त्यांच्याशी बोलत राहिला. पाहुणा म्हणून राहिला तर घरातल्या गुलामांना त्यांच्या कामाचे पैसे देई. यजमानाची किती पंचाईत होत असेल! फिलाडेल्फियाच्या वार्षिक मीटिंगनं गुलाम बाळगणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचं ठरवलं ते १७७६ मध्ये, म्हणजे त्या अर्जानंतर ८८ वर्षांनी. तेव्हा कुठे १७९० मध्ये ते नव्या अमेरिकन काँग्रेसकडे अर्ज घेऊन गेले. दक्षिणेकडचे सदस्य भडकले, हाती फारसं काही लागलं नाही.

आजही पद्धत तीच आहे. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, त्यांनी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय कायदेविषयक समिती काढली. दर नव्या काँग्रेसच्या आधी ती देशभरच्या मीटिंगांना विचारते, आपण कोणत्या मुद्द्यांवर काम करायचं? निर्णय मतदानानं होत नाही. सगळ्यांचा सूर जुळेपर्यंत बोलणं चालतं, मग क्लार्क, म्हणजे मीटिंग चालवणारा, तो शब्दांत मांडतो. वेळ खातं, कधीकधी वैतागही येतो. पण असा ठरलेला मुद्दा सरकार बदललं म्हणून सुटत नाही. इराक युद्धासाठी काँग्रेसनं राष्ट्राध्यक्षांना २००२ मध्ये दिलेली परवानगी रद्द करा म्हणून ते वर्षानुवर्षं लागून होते. २०२३ च्या मार्चमध्ये सिनेटनं ६६ विरुद्ध ३० मतांनी तसं विधेयक मंजूर केलं. श्रेय एकट्या त्यांचं नाही, अर्थात. ही समिती कुठल्याच उमेदवाराचा प्रचार करत नाही. खासदारांना भेटायला बहुतेकदा त्यांच्याच मतदारसंघातली साधी माणसं जातात.

तुम्ही सेवाग्रामला गेला असाल तर मार्जोरी साइक्स हे नाव कानावर आलं असेल. गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचं काम तिथे राहून करणाऱ्या या बाई क्वेकर होत्या. आणि व्हिएतनामवर बॉम्ब टाकणारे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सनही क्वेकर घरातलेच, त्यामुळे पंथात जन्मलं की माणूस आपोआप शांततावादी होतो असं मात्र समजू नका.