टोमॅटोवरची शिंगवाली अळी: सुरुवातीला एवढंच करा

एका रात्रीत शेंडे बोडके झाले म्हणून झाड उपटू नका, ते बहुधा पुन्हा फुटतं. फवारणीचं नंतर बघू, आधी अळी शोधा.

ती हुबेहूब पानाच्या रंगाची असते. बोटाएवढी झाली तरी नवख्या नजरेला दिसत नाही. म्हणून आधी खाली बघा. पानांवर किंवा मातीवर गडद, जाडसर लेंड्या दिसल्या की त्यांच्या वरच्या फांद्या तपासा, पानांच्या खालच्या बाजूसकट. अंधारात अतिनील टॉर्च मारलात तर अळी चमकून उठते, हा माझा सगळ्यात आवडता उपाय! शेपटीकडचं शिंग टोचत नाही. बिनधास्त हाताने उचला आणि साबणाच्या पाण्यात टाका. चार-पाच झाडांना एवढं पुरतं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- एक अळी सापडली की शोध थांबवणं. दुसऱ्या दिवशीही बघा.
- पाठीवर तांदळासारखे पांढरे कोष असलेली अळी मारणं. ते परजीवी गांधीलमाशीचे कोष आहेत. ही अळी तशीही मरणारच आहे. तिला तिथेच राहू द्या, त्या माश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतील.
- मोठ्या अळीवर बीटी फवारणं. हे जिवाणूजन्य औषध पानाबरोबर पोटात जावं लागतं आणि लहान अळ्यांवरच नीट चालतं.

हंगाम संपला की माती खालीवर करा, या अळीचे स्वतःचे कोष तिथेच दडलेले असतात. सध्या फक्त रोज संध्याकाळी एक फेरी मारा.