खोबणी रिकामी, ड्रायव्हर आडवा

प्रश्न : काका, मी सीताबर्डीतल्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळते. नेटवर्क कार्डाला एसएफपीच्या (काढता-घालता येणाऱ्या छोट्या नेटवर्क मॉड्यूलच्या) दोन खोबण्या आहेत, दुसरी रिकामी. मॉड्यूलची माहिती वाचायला तिच्यावर ‘ईथटूल -एम’ चालवलं की कर्नल ‘ऊप्स’ (आतल्या गंभीर चुकीचा अहवाल) देतो. ड्रायव्हरचा सोर्स आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : डीमेसगमधल्या (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीतल्या) ‘आरआयपी’ ओळीपासून, म्हणजे कोड कुठे अडला ते सांगणाऱ्या ओळीपासून. फंक्शनचं नाव तिथंच मिळतं. माझा अंदाज सांगतो : मॉड्यूल बसलं की ड्रायव्हर त्याची रचना तयार करतो आणि तिचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जपून ठेवतो. मॉड्यूल नाही, तर पॉइंटर नल, म्हणजे पत्ताच नाही. माहिती वाचणारा कोड मात्र न पाहताच आत हात घालतो. कुलूप लावलेल्या घरी जेवायला जावं, तसं!

मॉड्यूल हजर आहे का, हे एका पिनवरून कळतं. मॉड्यूलच्या आतच ती ग्राउंडला जोडलेली असते. मॉड्यूल नसेल तर ती रेषा वर ओढली जाते. म्हणजे ‘हाय’ म्हणजे गैरहजर. इथे उलटं वाचणारे मी पुष्कळ पाहिलेत, मीही त्यातलाच. पॉइंटर नल असेल तर सरळ ‘-ईएनओडेव्ह’ (‘असं उपकरण नाही’ हा एरर कोड) परत करा. शून्यांनी भरलेला बफर देऊन ‘यश’ सांगू नका, त्यानं कमांड चालवणारा माणूस फसतो.

आणि तपासणी नि वाचन एकाच लॉकखाली ठेवा, म्हणजे दोन्ही होईपर्यंत दुसरा कोड मध्ये येणार नाही. मधल्या क्षणात कुणी मॉड्यूल उपसलं तर? पॅच लावल्यावर लूपमध्ये कमांड चालू ठेवून मॉड्यूल दहा-वीसदा काढा-घाला. तोवर तर्री-पोहे मागवा, वेळ लागतो.